रेझोनन्सच्या रचना मोजून आम्लाची तीव्रता ठरत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पुरवणीत प्रवेश परीक्षांच्या तयारीचे जे सदर येते, त्याची कात्रणे आमच्या सोसायटीतील अकरावी-बारावीची मुले जपून ठेवतात, म्हणूनच हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले. सेंद्रिय रसायनशास्त्रावरील ताज्या भागात ठळक चौकटीत एक सूत्र दिले आहे : ज्याच्या रेझोनन्स रचना (एकाच रेणूची, इलेक्ट्रॉनांच्या जागा बदलून काढलेली चित्रे) जास्त तो जास्त स्थिर, आणि जो जास्त स्थिर तो जास्त आम्लधर्मी. त्याच पानावरील सराव प्रश्नांत फिनॉल, ॲसेटिक आम्ल, इथेनॉल आणि पाणी यांपैकी सर्वांत तीव्र आम्ल कोणते, असा प्रश्न असून उत्तरसूचीत फिनॉल हे उत्तर छापले आहे. बरोबर उत्तर ॲसेटिक आम्ल हे आहे. ही नुसती मुद्रणाची चूक असती तर दोन ओळींची दुरुस्ती पुरली असती. परंतु चौकटीतले सूत्र प्रामाणिकपणे लावले तर फिनॉल हेच उत्तर येते. म्हणजे खोट सूत्रातच आहे, आणि हेच सूत्र ठाणे-नवी मुंबईतील क्लासेसच्या नोट्समधूनही जसेच्या तसे फिरताना मी पाहतो.

माझी बहुतेक नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली आणि निवृत्तीनंतर ऐरोलीत घरी येणाऱ्या मुलांच्या शंका सोडवणे हा माझा विरंगुळा आहे. त्यामुळे असे सूत्र मुलांच्या हाती पडल्यावर पुढे काय होते, ते मला समोर बसून दिसते. मुलगा किंवा मुलगी भराभर वक्र बाण काढते, रचना मोजते, ज्याचा आकडा मोठा येतो त्या पर्यायाभोवती गोल करते. बाण अचूक असतात, मोजणी अचूक असते आणि उत्तर चुकते.

सूत्राच्या उत्तरार्धापासून सुरुवात करतो, कारण तिथली गफलत लवकर सांगून होते. 'जो जास्त स्थिर' यातला 'जो' कोण? आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा आणि आम्लारी म्हणजे प्रोटॉन घेणारा, ही व्याख्या ब्रॉन्स्टेड आणि लोरी यांनी १९२३ साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली, आणि तिच्यात दोन बाजू अध्याहृत आहेत : प्रोटॉन देण्यापूर्वीचा रेणू आणि प्रोटॉन दिल्यावर मागे उरलेला आयन. मागे उरलेला आयन जितका स्थिर, तितके आम्ल तीव्र. उलट मूळ रेणूच जितका स्थिर, तितका तो प्रोटॉन सोडायला नाखूश, म्हणजे आम्ल तितके सौम्य. चौकटीतले सूत्र कोणत्या बाजूविषयी आहे हे सांगितलेलेच नसल्यामुळे निम्मी मुले मूळ रेणूच्या रचना मोजत बसतात. ॲनिलीनचे उदाहरण घेतले तर हा फरक लख्ख दिसतो. सायक्लोहेक्झिलअमाइन आणि ॲनिलीन यांत दोन्हीकडे सहा कार्बनांचे कडे आणि त्यावर एक अमिनो गट आहे. पण पहिल्याने प्रोटॉन घेतल्यावर बनणाऱ्या आयनाचा पीकेए (आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा; तो जितका लहान तितका प्रोटॉन सहज सुटतो) सुमारे १०.६ आहे आणि ॲनिलीनच्या बाबतीत तो ४.६ आहे. पीकेएत एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, तेव्हा ॲनिलीन दहा लाख पट सौम्य आम्लारी ठरते. कारण नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी बेंझिनच्या कड्याशी आधीच जोडली गेलेली आहे, आणि प्रोटॉन घ्यायचा तर तिला तो सगळा पसारा सोडून परत यावे लागते. इथे रेझोनन्सने स्थैर्य दिले आहे हे खरे, पण ते भारहीन रेणूला दिले आहे. चौकटीतले सूत्र या रेणूला लावून पाहावे. काय निष्कर्ष काढायचा, तेच कळत नाही.

आता पूर्वार्ध. पीकेएचा आकडा जितका लहान, तितके आम्ल तीव्र. इथेनॉलचा पीकेए सुमारे १६, फिनॉलचा सुमारे १० आणि ॲसेटिक आम्लाचा ४.७६ आहे. म्हणजे फिनॉल इथेनॉलच्या दहा लाख पट तीव्र आहे, आणि यात रेझोनन्सचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. परंतु ॲसेटिक आम्ल हे फिनॉलच्याही सुमारे १ लाख ७० हजार पट तीव्र आहे. रचना मोजल्या तर मात्र चित्र नेमके उलटे दिसते. फिनॉलने प्रोटॉन दिल्यावर उरणाऱ्या फिनॉक्साइड आयनाच्या पाच रचना काढता येतात : दोहोंत ऋणभार ऑक्सिजनवर, उरलेल्या तिहींत कड्याच्या कार्बनवर, त्यांपैकी दोन ऑर्थो (लगतच्या) जागी आणि एक पॅरा (अगदी समोरच्या) जागी. ॲसेटिक आम्लाने प्रोटॉन दिल्यावर उरणाऱ्या ॲसिटेट आयनाच्या रचना दोनच.

तरीही दोन पाचांना भारी पडतात, कारण त्या दोन तोलामोलाच्या आहेत. दोन्हींत ऋणभार ऑक्सिजनवर आहे, दोन्हींची ऊर्जा एकच आहे, आणि म्हणून भार दोन ऑक्सिजनांवर अगदी निम्मानिम्मा वाटला जातो. फिनॉक्साइडच्या कार्बनवाल्या तीन रचनांत दोन उणिवा आहेत. पहिली अशी की कार्बनला ऋणभार सांभाळण्याची तेवढी हौस नसते. रसायनशास्त्रज्ञ पाउलिंग यांच्या मोजपट्टीवर ऑक्सिजनची विद्युतऋणता, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद, ३.४४ आहे तर कार्बनची २.५५. दुसरी उणीव क्लासच्या नोट्समध्ये सहसा येत नाही : भार कड्यात न्यायचा तर बेंझिनच्या कड्याला सुमारे १५० किलोज्यूल प्रति मोल इतके जादा स्थैर्य देणारी सहा इलेक्ट्रॉनांची घडी त्या रचनेपुरती विस्कटावी लागते. पाच रचना असल्या तरी भार वाहणारे अणू चारच आहेत, एक ऑक्सिजन आणि तीन कार्बन. पालखीला चार खांदे लागले आणि त्यांतले तीन शाळकरी पोरांचे असले, तर दोन तगड्या भोयांनी उचललेल्या पालखीपेक्षा ती सुखाने चालेल असे कोणी म्हणणार नाही.

रचना मोजण्याची ही सवय रेझोनन्सच्या अर्थाविषयीच्या जुन्या गैरसमजातून येते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी १८६५ साली बेंझिनचे कडे मांडले आणि १८७२ साली त्याला अशी पुस्ती जोडली की कड्यातील दुहेरी बंध सतत जागा बदलत असतात. आपली बरीच मुले नकळत १८७२ मध्येच थांबलेली असतात. रेणू एका रचनेतून दुसरीत उड्या मारतो आणि उड्या मारायला जितक्या जागा जास्त तितका तो सुखी, असे त्यांच्या मनात बसलेले असते. प्रत्यक्षात उड्या नाहीतच. कॅथलीन लाँस्डेल यांनी १९२९ साली हेक्झामिथाइलबेंझिनच्या स्फटिकावर क्ष-किरणांचा अभ्यास करून दाखवले की कडे सपाट आहे आणि त्याच्या सहाही बाजू सारख्या आहेत. बेंझिनमधील प्रत्येक कार्बन-कार्बन बंध सुमारे १३९ पिकोमीटर लांबीचा असतो, एकेरी बंधाच्या १५४ आणि दुहेरी बंधाच्या १३४ यांच्या अधेमधे. पाउलिंग यांनी १९३०च्या दशकात रेझोनन्सची जी उपपत्ती मांडली, तिचा गाभा हाच आहे की रेणू एकच असतो आणि तो एका चित्रात मावत नाही म्हणून आपण अनेक चित्रे काढतो. फॉर्मिक आम्लात कार्बनपासून एका ऑक्सिजनपर्यंत १२० आणि दुसऱ्यापर्यंत १३४ पिकोमीटर अशी दोन वेगळी अंतरे मिळतात. प्रोटॉन गेल्यावर फॉर्मेट आयनात दोन्ही अंतरे सारखी, सुमारे १२६ होतात. अंतरे सारखी झाली, म्हणजे भारही सारखा वाटला गेला. मुलांना पाच चित्रे काढायला लावण्यापेक्षा हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहायला लावले, तर रेझोनन्स म्हणजे काय ते अधिक लवकर कळते, असे माझे मत आहे.

कारखान्यात नवे प्रशिक्षणार्थी आले की त्यांना आम्ही एक साधे काम देत असू. टोल्युइनमध्ये बेंझॉइक आम्ल आणि फिनॉल दोन्ही विरघळवून द्यायचे आणि सांगायचे, वेगळे करा. सेपरेटिंग फनेलमध्ये ते द्रावण घेऊन त्यात खायच्या सोड्याचे पाणी घातले, बूच लावून फनेल उलटे धरून हलकेच हलवले आणि तोटी उघडली की फस्स आवाज करून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तोटी उघडायला विसरलेला मुलगा बूच उडाल्यावर आयुष्यभर विसरत नाही. थोडा वेळ फनेल स्टँडवर स्थिर ठेवले की वर टोल्युइनचा आणि खाली पाण्याचा थर स्वच्छ वेगळा होतो. बेंझॉइक आम्ल सोडियम बेंझोएट होऊन खालच्या थरात उतरलेले असते, फिनॉल मात्र जागचे हललेले नसते. ते वरच राहते. नंतर त्याच वरच्या थराला कॉस्टिक सोड्याचे पाणी दाखवले की फिनॉल निमूटपणे खाली येते. याचा उलगडा आकड्यांत आहे. कार्बॉनिक आम्लाचा पीकेए ६.३५ आहे, ४.२ पीकेए असलेले बेंझॉइक आम्ल त्याला त्याच्या क्षारातून हुसकावून लावते, १० पीकेए असलेल्या फिनॉलला ते जमत नाही. बारावीच्या प्रात्यक्षिकात बायकार्बोनेटची चाचणी असतेच. बुडबुडे आले की कार्बोक्झिलिक आम्ल (ॲसेटिक, बेंझॉइक यांच्या जातीचे), न आले आणि फेरिक क्लोराइडने जांभळा रंग आला की फिनॉल, असे मुले जर्नलमध्ये लिहितात, आणि संध्याकाळी क्लासमध्ये फिनॉल अधिक तीव्र असे सूत्र पाठ करतात. दोन्ही वह्या एकाच दप्तरात असतात.

हा भेद परीक्षेपुरता नाही. नवी मुंबईतील टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) किंवा तळोजा औद्योगिक पट्ट्यात ज्यांना पुढे काम करायचे आहे, त्यांच्यासमोर सांडपाण्यातून फिनॉल काढायचा प्रश्न येऊ शकतो. पीएच ७ असलेल्या पाण्यात फिनॉलच्या हजार रेणूंपैकी जेमतेम एक आयन रूपात असतो, आणि ॲसेटिक आम्लाच्या हजारांपैकी सुमारे ९९४ आयन झालेले असतात. म्हणून द्रावक वापरून फिनॉल ओढून काढता येते, आणि पाणी पीएच १० च्या वर गेले की तेच काम बिघडते. जाता जाता एवढेच की सौम्य आम्ल म्हणजे निरुपद्रवी आम्ल असेही कोणी समजू नये. फिनॉल कातडी जाळते आणि कातडीतून शरीरात भिनते, त्याचा पीकेए कितीही असो.

रेझोनन्स जिथे खरोखर कामाला येतो, तिथे तो भार कोठे पोहोचवतो हे पाहावे लागते. नायट्रोफिनॉल हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. पॅरा जागी नायट्रो गट असला तर फिनॉलचा पीकेए १० वरून सुमारे ७.१५ वर येतो, कारण कड्यातून पॅरा जागी आलेला ऋणभार पुढे सरकून नायट्रो गटाच्या ऑक्सिजनांवर जाऊन बसतो. तोच गट मेटा (एक कार्बन सोडून पुढच्या) जागी असला तर भार तिथवर पोहोचूच शकत नाही. तरीही पीकेए सुमारे ८.४ पर्यंत उतरतो, कारण नायट्रो गट एकेरी बंधांमधूनही इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतोच. म्हणजे एकाच गटाचे दोन परिणाम इथे वेगवेगळे मोजता येतात, आणि शिक्षकाच्या हाती यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच येते. ऑर्थो, पॅरा आणि पुन्हा ऑर्थो अशा तिन्ही जागी नायट्रो गट बसवले की पिक्रिक आम्ल बनते. त्याचा पीकेए सुमारे ०.४ आहे, त्यात कार्बोक्झिलिक गट औषधालाही नाही, आणि तरी ते खायच्या सोड्यातून बुडबुडे काढते. जर्नलमधला आडाखाही इथे तुटतो, हे बारावीच्या मुलांना सांगायला हरकत नाही.

याच्या उलट, रेझोनन्सची एकही वेगळी रचना नसताना आम्ल तीव्र असू शकते. स्वयंपाकाच्या गॅसला जो उग्र वास येतो तो गळती ध्यानात यावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा असतो. इथेनॉलमधल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक घातले की हा रेणू मिळतो. त्याचा पीकेए सुमारे १०.६ आहे, म्हणजे फिनॉलच्या जवळपास आणि इथेनॉलपेक्षा सुमारे अडीच लाख पट तीव्र. गंधकाचा अणू आकाराने मोठा असल्यामुळे ऋणभार मोठ्या जागेत विरळ होतो, आणि गंधक-हायड्रोजन बंध ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाइतका चिवट नसतो. बस्स, एवढेच कारण. रचना मोजणाऱ्याच्या हाताला इथे काही लागत नाही. ॲसिटिलीनचेही तसेच. रेझोनन्स नसतानाही त्याचा पीकेए २५ आहे, आणि कडे असलेल्या बेंझिनचा मात्र सुमारे ४३. बेंझिनच्या कड्यावरचा हायड्रोजन प्रोटॉन म्हणून काढला तर मागे राहणारी जोडी कड्याच्या प्रतलातच, बाहेरच्या दिशेला तोंड करून असते, आणि कड्याचे सहा π (पाय) इलेक्ट्रॉन, म्हणजे दुहेरी बंधांचे इलेक्ट्रॉन, प्रतलाच्या वर व खाली असतात. दोघांची गाठच पडत नाही, म्हणून रेझोनन्सही होत नाही. हुशार मुलेदेखील इथे कड्याभोवती भार फिरवून दाखवतात. कागद सपाट असल्यामुळे कागदावर ते खपून जाते.

बेंझोएट आयनाबद्दलही असाच एक गैरसमज आहे. भार कड्यात शिरतो आणि म्हणून बेंझॉइक आम्ल तीव्र, असे सर्रास सांगितले जाते. भार शिरत नाही. तो दोन ऑक्सिजनांतच राहतो. बेंझॉइक आम्लाचा ४.२ आणि ॲसेटिक आम्लाचा ४.७६ यांतले अंतर किती थोडे आहे ते पाहावे, आणि बिनकड्याचे फॉर्मिक आम्ल ३.७५ घेऊन दोघांच्याही पुढे आहे हेही पाहावे.

सूत्राची खरी कसोटी मी क जीवनसत्त्वावर घेतो. आवळ्यात भरपूर असणारे हे ॲस्कॉर्बिक आम्ल. त्याची रचना फळ्यावर काढली तर त्यात कार्बोक्झिलिक गट कुठेही सापडत नाही, नुसते हायड्रॉक्सिल गट आणि कड्यात अडकलेला एक एस्टर गट. तरीही त्याचा पीकेए सुमारे ४.२ आहे, म्हणजे बेंझॉइक आम्लाइतकाच. मुलांना मी विचारतो की यातला कोणता हायड्रोजन जातो, आणि तिथेच त्यांना घोटाळा होतो, कारण हायड्रॉक्सिल चार आहेत. उत्तर शोधायची रीत अशी की प्रत्येक हायड्रॉक्सिलचा प्रोटॉन काढून पाहायचा आणि उरलेला भार कोठवर जाऊ शकतो ते तपासायचे. चारांपैकी एका जागी असे होते की ऋणभार शेजारच्या दुहेरी बंधातून सरकत थेट कार्बोनिलच्या (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेल्या) ऑक्सिजनवर पोहोचतो. मधे एक दुहेरी बंध घालून लांबवलेला ॲसिटेट आयनच जणू. दोन टोकांना दोन ऑक्सिजन, आणि भार त्या दोघांत वाटलेला. मोजणी करणाऱ्याला इथे मोठा आकडा दिसत नाही, पण भाराच्या मुक्कामाची जागा विचारणाऱ्याला उत्तर लगेच मिळते. शेजारचा हायड्रॉक्सिल दिसायला अगदी तसाच, पण त्याचा भार त्या वाटेने जाऊ शकत नाही, आणि त्याचा पीकेए सुमारे ११.६ आहे.

हळदीचा डाग पडलेल्या पांढऱ्या कापडाला साबण लावला की तो लालभडक होतो, हे घराघरात माहीत आहे. मुरगळलेल्या पायावरचा हळद-चुन्याचा लेपही त्याच कारणाने लाल दिसतो. हळदीतल्या करक्युमिनच्या दोन्ही टोकांना फिनॉलची कडी आहेत आणि मधे एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी. अल्कधर्मी साबणाने प्रोटॉन काढून घेतला की ऋणभार त्या साखळीतून मधल्या कार्बोनिलच्या ऑक्सिजनापर्यंत पसरतो, रेणू निळ्या प्रकाशाऐवजी हिरव्याकडचा प्रकाश शोषू लागतो आणि पिवळ्याचा लाल होतो. लिंबू पिळले की प्रोटॉन परत मिळतो आणि डाग पुन्हा पिवळा. दर्शक म्हणून हळद शाळेत शिकवतात, पण अकरावीत रेझोनन्स आला की तिची आठवण कोणी काढत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

इतके सांगितल्यावर प्रांजळपणे हेही नमूद केले पाहिजे की ॲसेटिक आम्लाच्या तीव्रतेचे सगळे श्रेय रेझोनन्सला द्यावे की नाही, यावर तज्ज्ञांतही मतभेद झालेले आहेत. सिगल आणि थॉमस यांनी १९८६ साली असे प्रतिपादन केले की या तीव्रतेचा मोठा भाग कार्बोनिल गटाने मूळ रेणूतच इलेक्ट्रॉन ओढून ठेवलेले असल्यामुळे येतो, आणि आयनातील रेझोनन्सचा वाटा समजला जातो त्याहून लहान आहे. त्यावर उलटसुलट बरीच चर्चा झाली. अकरावीच्या मुलाला हा वाद शिकवण्याची गरज नाही. परंतु ॲसेटिक आम्लात तीन क्लोरीन घातले की पीकेए ४.७६ वरून सुमारे ०.७ वर येतो आणि रचनांची संख्या मात्र दोनच्या दोनच राहते, एवढे त्याला दाखवता येतेच. शेजारच्या अणूंची ओढ हीसुद्धा हिशेबात धरायची गोष्ट आहे, हे त्यातून त्याचे त्यालाच उमगते.

सदराच्या लेखकांची अडचण मी समजू शकतो. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. इतक्या घाईत मुलाला काहीतरी चटकन हाताशी हवे असते. शिवाय अभ्यासक्रमाची मांडणीही या गैरसमजाला पोषक आहे : रेझोनन्स अकरावीत मूलतत्त्वांच्या प्रकरणात येतो, फिनॉल बारावीत अल्कोहोलांबरोबर, कार्बोक्झिलिक आम्ले त्यापुढच्या प्रकरणात आल्डिहाइड-कीटोनांसोबत आणि ॲनिलीन आणखी पुढे. चौघांना एका ओळीत उभे करून तुलना करण्याचे काम पाठ्यपुस्तक करत नाही; ते शिक्षकावर, आणि हल्ली क्लासवर येऊन पडते. पण ५४ सेकंदांतही विचारता येईल असा बरा प्रश्न आहे. प्रोटॉन गेल्यावर ऋणभार कोणत्या अणूवर उरतो, आणि तिथून तो हलला तर कोणत्या अणूवर जाऊन बसतो? ऑक्सिजनवरून ऑक्सिजनवर गेला तर मोठा फायदा, ऑक्सिजनवरून कार्बनवर गेला तर लहान, आणि हलूच शकत नसेल तर अणूचा आकार, ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनांची जोडी अणूभोवती ज्या जागेत राहते ती) आणि शेजाऱ्यांची ओढ पाहायची. यात पाठ करण्यासारखे फारसे नाही आणि वेळही रचना मोजण्यापेक्षा कमीच लागतो.

माझी विनंती अशी की उत्तरसूचीची दुरुस्ती छापताना चौकटीतले सूत्रही मागे घ्यावे आणि त्याच्या जागी दहा-बारा परिचित आम्लांचा पीकेए तक्ता द्यावा. तो देताना एक पथ्य पाळावे. ॲसेटिक आम्लाचा ४.७६ हा पाण्यात प्रत्यक्ष मोजलेला आकडा आहे. बेंझिनचा ४३ आणि ॲसिटिलीनचा २५ हे पाण्यात मोजता येत नाहीत, आडमार्गाने काढावे लागतात, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा उणे आकडाही अंदाजाचाच असतो. पाण्याचा स्वतःचा पीकेए काही पुस्तकांत १५.७ तर काहींत १४ दिलेला आढळतो, तो पाण्याची संहती हिशेबात कशी धरली यावरून. इथेनॉल आणि पाणी यांतले तीव्र आम्ल कोणते, याचे उत्तर मात्र दोन्ही आकड्यांनी पाणी हेच येते. तेव्हा मोजलेले आकडे दशांशासह आणि अंदाजाचे आकडे 'सुमारे' लावून पूर्णांकात छापावेत, आणि तक्त्याखाली तापमान २५ अंश सेल्सिअस असे लिहावे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ
ऐरोली, नवी मुंबई